डावीकडून उजवीकडे

दारातच बूट काढायला लावतात,
कापडी सपाता देतात, सगळ्या एकाच मापाच्या.
बावीस वर्षं मी असल्या सपातांतून पाय ओढत
बल्गेरियातल्या बालगृहांचे जिने चढते आहे.
उकडलेल्या कोबीचा वास, क्लोरीनचा वास,
खिडकीबाहेर गढूळ, रुंद डॅन्यूब,
आणि रेडिएटरवर वाळत घातलेले इवले पायजमे,
त्यांवर नावं नाहीत, नंबर.

संचालिका त्स्वेताना कॉफी देते, मग फायली,
मोजून नऊ.
आई: माहिती नाही. बाप: एक आडवी रेघ.
भेटीला येणारे: कोणी नाही.
नऊच्या नऊ पानांवर तेच कोणी नाही,
तोच टाइपरायटर, तोच अर्धा तुटलेला न.
बरोबर त्याच्या खाली माझ्या सहीची जागा.

मुलं एकेक करून भिंतीजवळ आणली,
जिथे उजेड बरा होता.
हसा म्हणायचं नसतं, एवढं शिकले आहे.

रात्री हॉटेलच्या पलंगावर पोलरॉइड मांडले,
पत्ते मांडावेत तसे. तेव्हा कुठे दिसलं:
नऊ मुलांच्या अंगात एकच लाल स्वेटर.
रुमियानाला गुडघ्यापर्यंत,
थोराड क्रुमच्या पोटावर ताणलेला,
जुळ्यांपैकी एकीचा काढून दुसरीला घातलेला,
ऊब अजून तिचीच असणार.
आसेनला मात्र अगदी मनगटाशी मनगट.
दुमडलेल्या बाहीतून डोकावणारी हिरव्या लोकरीची गाठ,
लाल संपली तेव्हा घरात जी होती ती.

दुकानातल्या स्वेटरला अशी गाठ नसते.
आणि सरकार कधी विणायला बसत नाही.

सकाळी धुलाईखान्यात गेले.
दुभाषा इलियान अंगणात सिगारेट ओढत होता.
त्याला हाक मारली नाही. का, ते विचारू नका.
स्तोइना टबावर वाकलेली, कोपरापर्यंत लाल हात.
ढिगातून स्वेटर उचलून तिच्यासमोर धरला,
होते नव्हते ते दोन शब्द काढले:
आसेन? माइका?
आई येते का त्याची?

तिने मान हलवली.
डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे,
सावकाश, माझ्या डोळ्यांत बघत.

माझ्या गावी ही मान म्हणजे नाही.
इथे हीच मान म्हणजे हो.
पहिल्या दौऱ्यात मी एका मुलीला
सूपचे तीन वाडगे पाजले होते,
ती बिचारी मान वर-खाली करून
नको नको म्हणत होती.
तेव्हापासून हा घोळ मी नवीन मुलींना
हसत हसत शिकवते.
मला माहीत नव्हतं असं मी कुठेच म्हणू शकत नाही.

तरी त्या वाफेत, आवंढा गिळायला लागतो तेवढा वेळ
मी फक्त डेन्मार्कची झाले.
विबोर्गला बिर्थे आणि टोर्किल वाट बघताहेत,
सात वर्षं. खोली पिवळी रंगवून झाली आहे.
रंगाचा नमुना तिने पत्रातून पाठवला होता,
बोटाएवढा कागद, माझ्या पर्समध्ये आहे.

मीही मान हलवली, वरून खाली.
आमच्याकडे याचा अर्थ: समजलं.
स्तोइनाने काय वाचलं, देव जाणे.
तिने स्वेटर माझ्या हातातून काढून घेतला,
उलटा केला, गाठ आत दाबली
आणि पाण्यात सोडला.

आठ फायलींवर सही केली.
नववी उघडी ठेवून त्स्वेतानाला विचारलं,
खेड्यांकडून येणारी बस कोणत्या वारी असते?
तिला तेवढ्यात फोन आला. तो लवकर संपेना.
मी वाट बघत बसले, सह्यांची शाई वाळताना बघत.
त्या आठांना कोणी स्वेटर विणला नव्हता,
एवढाच काय तो माझ्याकडचा पुरावा.

निघताना सपाता परत केल्या.
अंगणात आसेन नुसत्या शर्टावर,
हात काखेत खुपसून उभा.
स्वेटर धुवायला गेला होता.